पायथन, रुबी, नोडच्या आवृत्त्या सांभाळायच्या, तर आधी शेलची तयारी

पायएन्व्ह, आरबीएन्व्ह, एनव्हीएम, एएसडीएफ यांपैकी कोणताही व्हर्जन मॅनेजर (एकाच भाषेच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) घेतलात, तरी त्याच्या दोन-तीन ओळी शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्टार्टअप फाइलमध्ये घालाव्या लागतात. शेल सुरू होताना ही फाइल वाचतं. आपण त्या उचलतो, समोर दिसेल त्या फाइलच्या तळाशी चिकटवतो, आणि नवं पायथन टाकूनही जुनंच का दिसतंय हे शोधण्यात संध्याकाळ जाते. ओळी सहसा बरोबर असतात. त्या भलत्या फाइलमध्ये पडलेल्या असतात, नाहीतर बरोबर फाइलमध्ये भलत्या जागी. म्हणून कॉपी-पेस्ट करण्याआधी थोडी पाहणी करा.

सर्वांत आधी आपण नक्की कोणत्या शेलमध्ये बसलो आहोत ते बघा. 'एको $शेल' हे उत्तर पुरेसं नाही, कारण तिथे तुमच्या खात्याला नेमून दिलेलं शेल दिसतं, आत्ता चालू असलेलं नव्हे. 'पीएस -पी $$' दिलंत की चालू प्रोसेसचंच नाव येतं. मॅकवर हे जरूर तपासा. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल मिळतं, आणि जुन्या मशीनवरून उचलून आणलेली बॅश प्रोफाइल तिथे नुसती पडून राहते, कोणी वाचत नाही.

आता फाइल. इथे घाई करू नका, निम्म्याहून जास्त गोंधळ इथलाच असतो. बॅश लॉगिन शेल म्हणून (उदाहरणार्थ, एसएसएचने दूरच्या मशीनवर आत शिरताना) सुरू झालं तर आधी सिस्टिमची प्रोफाइल वाचतं आणि मग घरच्या फोल्डरमध्ये तीन नावं क्रमाने शोधतं: .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल. यातली जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं, बाकीच्या दोन सोडून देतं. लॉगिनशिवाय उघडलेली टर्मिनलची खिडकी मात्र .बॅशआरसी वाचते. उबुंटूत मिळणारी .प्रोफाइल स्वतःच .बॅशआरसीला बोलावते, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं. मग एखादं इन्स्टॉलर, किंवा आपण स्वतःच, नवी .बॅश_प्रोफाइल तयार करतो. त्या क्षणापासून .प्रोफाइल वाचली जात नाही, आणि एसएसएचने आत शिरल्यावर .बॅशआरसीतलं काहीच लागू होत नाही. म्हणून घरच्या फोल्डरमध्ये 'एलएस -ए' करून या तिघींपैकी कोणत्या फाइली आहेत ते आधी बघा. .बॅश_प्रोफाइल असेल, तर तिच्यात .बॅशआरसीला बोलावणारी ओळ आहे ना, याची खात्री करा.

झेडशेलची मांडणी जास्त सरळ आहे. .झेडएसएचएन्व्ह प्रत्येक वेळी वाचली जाते, अगदी स्क्रिप्ट चालवतानाही. .झेडप्रोफाइल लॉगिनच्या वेळी, तर .झेडएसएचआरसी आपण समोर बसून काम करतो तेव्हा. सगळीकडे लागू होते म्हणून पाथ (शेल प्रोग्राम कुठे शोधतं त्या फोल्डरांची यादी) .झेडएसएचएन्व्हमध्ये टाकायचा मोह होतो, पण मॅकवर तो टाळा. तिथे त्या फाइलनंतर सिस्टिमची झेडप्रोफाइल चालते, आणि तिच्यातला पाथ हेल्पर सिस्टिमचे फोल्डर पुढे आणून तुमचे मागे ढकलतो. मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणूनच उघडतं, त्यामुळे हे दर वेळी घडतं. मी तिथे पाथ .झेडप्रोफाइलमध्ये ठेवतो आणि व्हर्जन मॅनेजरची इनिटची, म्हणजे त्याला सुरू करणारी, ओळ .झेडएसएचआरसीच्या शेवटाकडे.

शेवटाकडेच का, ते पाथ समजला की कळतं. पाथ म्हणजे कोलनने जोडलेली फोल्डरांची रांग. शेल ती डावीकडून शोधत जातं आणि पहिल्या सापडलेल्या प्रोग्रामवर थांबतं. पायएन्व्ह आणि आरबीएन्व्ह या रांगेच्या तोंडाशी आपला शिम्स फोल्डर ठेवतात. त्यात पायथन, पिप (पायथनची पॅकेजं आणणारा प्रोग्राम), रुबी अशा नावांच्या छोट्या स्क्रिप्ट असतात. तुम्ही 'पायथन' लिहिलं की आधी ही स्क्रिप्ट चालते. ती पायएन्व्ह_व्हर्जन हे व्हेरिएबल बघते, ते नसेल तर चालू फोल्डरपासून वर चढत .पायथन-व्हर्जन फाइल शोधते, तीही नसेल तर ग्लोबल आवृत्ती घेते. तुमच्या ओळीनंतर दुसऱ्या कोणी आपला फोल्डर रांगेत पुढे घुसवला, तर शिमपर्यंत गाडी पोचतच नाही.

एनव्हीएमची जात वेगळी आहे. तो प्रोग्राम नाही, शेल फंक्शन आहे. म्हणून 'विच एनव्हीएम'ने तो सापडला नाही तरी घाबरू नका, 'कमांड -व्ही एनव्हीएम' करून बघा. त्याची स्क्रिप्ट ज्या शेलने वाचली, त्या शेलपुरताच तो असतो. तो लोड करायला वेळही लागतो, त्यामुळे नवी खिडकी अडखळत उघडते. 'टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट' ओळ टाकण्याआधी एकदा आणि नंतर एकदा चालवा. फरक खुपत असेल तर एनव्हीएमच्या लोड करणाऱ्या ओळीत 'नो-यूज' हा पर्याय द्या आणि नोड लागेल तेव्हा 'एनव्हीएम यूज' करा.

एका भाषेला एकच मालक ठेवा. यावर माझा फार भर आहे. आरव्हीएम (रुबीचाच दुसरा मॅनेजर) आणि आरबीएन्व्ह एकत्र नांदत नाहीत, कारण आरव्हीएम 'सीडी'सारखी कमांडसुद्धा आपल्या ताब्यात घेतं. सगळ्या स्टार्टअप फाइली ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) चाळा आणि जुन्या मॅनेजरच्या ओळी काढून टाका. एएसडीएफ जुनं असेल तर जास्त लक्ष द्या: ०.१६ पासून तो गो भाषेत नव्याने लिहिला आहे. पूर्वीची एएसडीएफ.एसएच सोर्स करणारी (चालू शेलमध्येच ती फाइल वाचून घेणारी) ओळ आता चालत नाही, शिम्सचा फोल्डर पाथमध्ये जोडावा लागतो.

पायएन्व्ह पायथन सोर्स कोडमधून बांधतो, तेव्हा कंपायलर आणि ओपनएसएसएल, झेडलिब, रीडलाइन या लायब्रऱ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजं आधी टाकून ठेवा. ओपनएसएसएल नसेल तर एसएसएलविना पायथन पिपच्या काही कामाचं नाही.

आता फाइलला हात लावायचा. आधी तिची प्रत करा, आणि सर्व्हर दूरचा असेल तर दुसरं एसएसएच सेशन उघडं ठेवूनच बदल करा. मी एकदा एका स्क्रिप्टमधल्या चार ओळी .बॅशआरसीत आणल्या. त्यांत 'फोल्डर नसेल तर एक्झिट' असं होतं. स्क्रिप्टमध्ये ते योग्यच होतं, पण स्टार्टअप फाइलमध्ये एक्झिट म्हणजे शेलच बंद. त्या सर्व्हरवर तो फोल्डर नव्हता, त्यामुळे प्रत्येक नवं लॉगिन उघडताक्षणी मिटत होतं. मागे एक खिडकी उघडी होती, तिच्यातून जुनी प्रत परत ठेवता आली. तेव्हापासून मी फाइल सेव्ह केली की 'बॅश -एन'ने व्याकरण तपासतो आणि एक्झिट कुठे शिरलं नाही ना, हे डोळ्यांनी वाचतो. उघडं राहिलेलं अवतरणचिन्ह 'बॅश -एन' पकडतो, एक्झिट नाही.

उबुंटूच्या .बॅशआरसीत अगदी वर एक अट असते: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिरा. स्क्रिप्टलाही लागेल असा पाथ तिच्या खाली लिहून उपयोग नाही. आणि स्वागताचा एको घालायचाच असेल तर तो या अटीच्या खालीच घाला. वर घातलात तर एससीपीने फाइल पाठवताना ती अक्षरं मधे येतात आणि कॉपी फसते.

तपासणी नव्या खिडकीत करा. तीच फाइल पुन्हा पुन्हा सोर्स केली की पाथमध्ये तेच फोल्डर दोनदा-तीनदा जमतात आणि खरं चित्र दिसत नाही. झेडशेलमध्ये 'टाइपसेट -यू पाथ' (यू कॅपिटल) ही ओळ अशी पुनरावृत्ती रोखते. मग 'टाइप -ए पायथन३' द्या. पहिल्या ओळीत .पायएन्व्ह/शिम्स आणि त्याखाली /यूएसआर/बिन दिसलं, तर क्रम बरोबर आहे. जुन्या खिडकीत अजून जुनाच पत्ता येत असेल तर तिथे 'हॅश -आर' करा, कारण बॅश एकदा सापडलेला रस्ता लक्षात ठेवतं. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, यातली एकही फाइल वाचत नाही. त्याच्या कामांमध्ये पायथनचा पूर्ण रस्ता लिहा, आणि तो 'पायएन्व्ह विच पायथन'ने काढा, म्हणजे शिमचा नाही तर खऱ्या प्रोग्रामचा पत्ता मिळेल.