एक्साइजचा कागद हाती आला की आधी काय बघायचं

१९८८ साली मी एका कारखान्यात एक्साइज (उत्पादन शुल्क) क्लार्क म्हणून चिकटलो. आर.जी.-१ रजिस्टरात रोजचं उत्पादन चढवायचं, माल निघाला की जी.पी.-१ गेटपास फाडायचा आणि आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या पी.एल.ए. खात्यातून ड्यूटी वजा टाकायची, हे काम. एका संध्याकाळी ट्रक ताडपत्री बांधून गेटवर उभा आणि खात्यात ३१२ रुपये कमी! बँक केव्हाच बंद झालेली. ट्रक रात्रभर तिथंच. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊसाहेब, माल तर तीन आठवड्यांपासून गोदामात पडलाय. मग कर आजच कशाचा?"

त्याच्या प्रश्नातच पहिली पायरी आहे. कोणत्याही कराचा कागद आला की दर नंतर बघा. आधी बघा, कर कशामुळे लागला. माल तयार झाला म्हणून, विकला म्हणून, की पुरवला म्हणून? उत्पादन शुल्क लागतं माल तयार झाल्यावर. ते गेटवर घेतात ती केवळ वसुलीची सोय. घटना वेगळी, वसुलीची जागा वेगळी. या दोन्हींची गल्लत वकीलसुद्धा करतात.

हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि पेट्रोलवरूनच झालेला. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं मोटार स्पिरिटच्या (पेट्रोल वगैरे) विक्रीवर कर बसवला. केंद्राचं म्हणणं पडलं की हे तर उत्पादन शुल्कच, म्हणजे आमचा अधिकार. फेडरल कोर्टानं, म्हणजे तेव्हाच्या देशपातळीवरच्या न्यायालयानं, सांगितलं, उत्पादन शुल्क केंद्राचं खरं, पण ते उत्पादनावर. विक्रीवरचा कर प्रांताला घेता येतो. आज पंपावर एकाच लिटरवर केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट (विक्रीवरचाच कर) असे दोन्ही बसतात, त्याची वाट तिथून फुटली.

दुसरी पायरी: राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा, केंद्र आणि राज्यांचे अधिकार वाटून देणारी. केंद्राच्या सूचीत नोंद ८४, राज्याच्या सूचीत ५१ आणि ५४, एवढ्या तिन्हींवर बोट ठेवता आलं तरी बरंचसं काम होतं. २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीनंतर नोंद ८४मध्ये उरलंय ते असं: कच्चं तेल, डिझेल, पेट्रोल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन आणि तंबाखू. ५१मध्ये पिण्याची दारू, अफू, गांजा वगैरे. ५४मध्ये तंबाखू सोडून हीच इंधनं आणि पिण्याची दारू, पण राज्यातल्या विक्रीवरचा कर म्हणून. बाकी बहुतेक सगळं १ जुलै २०१७ पासून जीएसटीत (पुरवठ्यावरच्या करात) गेलं आणि त्याचा अधिकार सूचीत नाही, अनुच्छेद २४६-अ मध्ये आहे. (महाराष्ट्रात दारूवरचं उत्पादन शुल्क ज्या कायद्याखाली घेतात त्याचं नाव १९४९चा दारूबंदी अधिनियम. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग कायदा उघडून बघतो.)

इथे एक खड्डा आहे. एखाद्या गोष्टीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार मिळाला म्हणजे कर लावायचा अधिकार आपोआप मिळत नाही. कराची नोंद वेगळी असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५८ सालीच सांगून ठेवलंय. ऑक्टोबर २०२४मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला, की राज्याच्या सूचीतल्या, नियंत्रणाच्या नोंद ८मधल्या 'मादक मद्या'त औद्योगिक (न पिण्याचं) अल्कोहोलही येतं. त्यासरशी १९८९चा सात न्यायमूर्तींचा निकाल गेला. लगेच लोक म्हणायला लागले, आता राज्यं त्यावर एक्साइज लावणार. अहो, नोंद ५१मध्ये 'मानवी सेवनासाठी' हे शब्द अजून तसेच आहेत.

तिसरी पायरी म्हणजे कायद्याचा आधार. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावताही येत नाही, वसूलही करता येत नाही. तेव्हा कागदावर कायदा, कलम, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख शोधा; नुसतं 'वरून आदेश आहेत' चालत नाही. मात्र तारखेला फसू नका. आमच्या वेळी बजेट २८ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचला यायचं. कानाला रेडिओ लावून बसायचं, दर वाढला असं कळलं की बारा वाजायच्या आत जमेल तेवढा माल गेटबाहेर काढायचा. माझी निम्मी हस्ताक्षरं त्या रात्री बिघडली. विधेयक मंजूर व्हायचं असताना कर कसा वाढतो? तर १९३१चा एक कायदा होता, विधेयक मांडल्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून नवा दर तात्पुरता घेऊ देणारा. २०२३ साली त्याच्या जागी नवा आला. म्हणजे आधार होताच, फक्त तो दुसऱ्या कायद्यात होता.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे: कराचं नाव वाचा. २२ मे २०२२ पासून साध्या पेट्रोलवर केंद्राचं शुल्क लिटरला १९.९० रुपये होतं. त्याची फोड अशी: मूळ उत्पादन शुल्क १.४०, विशेष अतिरिक्त शुल्क ११, कृषी पायाभूत उपकर २.५०, रस्ते व पायाभूत उपकर ५. राज्यांबरोबर वाटून घ्यायचा होता तो फक्त १.४०. अनुच्छेद २७०नं उपकर आणि अधिभार वाटपाबाहेर ठेवलेत, आणि विशेष अतिरिक्त शुल्क हा अधिभारच. १५व्या वित्त आयोगाप्रमाणे (२०२१-२६) राज्यांना ४१ टक्के, म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्यांत मिळून. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. कॅल्क्युलेटर काढा: लिटरमागे साधारण साडेतीन पैसे. एप्रिल २०२५मध्ये दोन रुपये वाढले, ते विशेष अतिरिक्त शुल्कात. साडेतीन पैसे साडेतीनच राहिले.

केंद्र म्हणतं, रस्ते राज्यांतच होतात ना? होतात, पण कुठला रस्ता करायचा हे ठरवणारा हात दुसरा. राज्यंही काही साधू नाहीत. बहुतेक राज्यं शुल्कासकट जी किंमत होते तिच्यावर टक्केवारीनं व्हॅट घेतात, त्यामुळे केंद्रानं शुल्क वाढवलं की यांचा गल्ला आपसूक भरतो. टीव्हीवर मात्र दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता भांडायचं ठरलं तर. 'कर फार जास्त आहे' हा मुद्दा कोर्टात क्वचितच टिकतो. 'हा अधिकार तुमचा नाही' किंवा 'माझ्याकडे उत्पादन झालंच नाही' हे टिकू शकतात. दुसऱ्या मुद्द्यासाठी नवं नाव, वेगळे गुणधर्म आणि वेगळा उपयोग असलेली वस्तू तयार झाली का, ते तपासा. नुसतं धुणं, चाळणं, पुन्हा बांधणं सहसा उत्पादन नसतं. अर्थात कायद्यानंच तसं मानलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या.

पैसे भरावेच लागले तर निषेध नोंदवून भरा. केंद्रीय उत्पादन शुल्कात परताव्याच्या अर्जाची एका वर्षाची मुदत मग आड येत नाही. आणि तो कर गिऱ्हाइकाकडून काढू नका. डिसेंबर १९९६मध्ये नऊ न्यायमूर्तींनी ठरवलं की बोजा पुढे ढकलला असेल तर परतावा नाही, आणि ढकलला नाही हे सिद्ध तुम्ही करायचं. आमचे मालक एक दावा सहा वर्षं लढून जिंकले. परताव्याच्या सुनावणीत अधिकाऱ्यानं आमचीच छापील दरपत्रिका पुढे सरकवली. शुल्क लागलं त्याच तारखेची, आणि खाली माझ्याच हातानं लिहिलेलं: 'दर शुल्कासह'.