त्रिकोणाचा रंग मधमाशीसाठी नसतो

कांद्याच्या डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, गोंडे उमलले की खान्देशात फुलकिड्यांसाठी फवारणीची घाई सुरू होते. तेव्हा कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावर भिस्त ठेवू नका. तो उंदरांवरच्या चाचण्यांवरून, माणसाच्या धोक्यासाठी ठरतो. थायामेथोक्झाम या कीटकनाशकाचा त्रिकोण निळा, म्हणजे लाल-पिवळ्यापेक्षा सौम्य, पण मधमाशीला त्याचे काही नॅनोग्रॅमही (ग्रॅमचे अब्जावे भाग) पुरे! शिवाय ते झाडात भिनून मकरंदात उतरतं, म्हणजे मधमाश्या नसताना संध्याकाळी फवारलं तरी धोका उरतोच. आधी सकाळी दहाला गोंड्यांपाशी पाच मिनिटं थांबून मधमाश्या मोजा. दिसल्या तर असं औषध फुलोरा सरेपर्यंत नकोच. कपाशीत फुलं नसली तरी पान उलटून बघा. मधल्या शिरेवरच्या ग्रंथीतला गोड रस प्यायला माश्या येतात.