वटवाघळांवर काम करायचंय? नाशिकमधून सुरुवात करताना

एमएस्सी झूऑलॉजीची मुलं हल्ली मला भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, गुहेत कधी जायचं?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. पहिलं वर्षभर गुहेत जाऊच नका. पांडवलेणी जवळ आहे, अंकाई-टंकाई फार लांब नाही, हे खरं. पण परवानग्या लागतात, आणि दिवसा झोपलेल्या वसाहतीत टॉर्च घेऊन शिरलं की ती सगळी उडते. अंगाला पिल्लू चिकटलेली मादी घाबरून उडाली की पिल्लू खाली पडू शकतं. तिला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. उंदरांसारखी भराभर वाढणारी ही जमात नाही, त्यामुळे झालेलं नुकसान भरून निघायला वर्षं जातात.

सुरुवात आपल्या सोसायटीतून करा. कुंपणालगतच्या सरळसोट खोट्या अशोकाखाली पावसाळ्यात सकाळी जाऊन बघा. गर ओरबाडलेल्या बियांचा सडा पडलेला असतो. गाडीवर पडलेल्या या बियांवरून लोक चिडतात, पण अभ्यासकासाठी ती वहीच आहे. आखूड नाकाचं फळ-वटवाघूळ, शास्त्रीय नावानं सायनोप्टेरस स्फिंक्स, फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं आणि तिथं निवांत लटकून खातं. त्यामुळे बी मूळ झाडापासून लांब पडतं. उंबर, वड, पिंपळ यांचं बी तर इतकं बारीक असतं की ते पोटातून जातं आणि उडता उडताच टाकलं जातं. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप पाहिलंत की पक्ष्यांबरोबर यांचीही आठवण ठेवा. सुरगाणा-पेठकडच्या मोहाच्या फुलांनाही रात्री ही वटवाघळं भेट देतात आणि परागीभवन घडवतात.

मग संध्याकाळची मोजणी शिका. गोदेकाठच्या गावांत एखाद्या जुन्या झाडावर मोठ्या वटवाघळांची वसाहत असते, तेरोपस मेडियसची. (जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही वसाहतीचा पत्ता सोशल मीडियावर टाकू नका. तेलासाठी आणि मांसासाठी त्यांना मारणारे लोक अजून आहेत.) सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा, उजळ पश्चिम आकाश समोर राहील असे बसा, आणि मिनिटामिनिटाला किती उडाली ते टॅली काउंटरवर मोजा. वारा, ढग, चंद्र यांची नोंद ठेवा. दर वेळी त्याच जागी बसा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. उन्हाळ्यात दुपारीही एकदा जा. चाळीस अंशांच्या नाशिकमध्ये ती पंखांनी स्वतःला वारा घालतात आणि अंग चाटून ओलं करतात. दुर्बिणीतून पंखाच्या पडद्यातली बोटांची हाडं स्पष्ट दिसतात. तो पंख म्हणजे पाच बोटांचा हातच आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या हातानं वारा घेताना पाहणं वेगळं. मला या प्राण्याची गोडी तिथंच लागली.

या मोठ्या वटवाघळांना आवाजाच्या प्रतिध्वनीवर दिशा शोधता येत नाही. ती डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, त्यामुळे "आंधळी असतात" हा समज साफ खोटा. प्रतिध्वनीचं तंत्र छोट्या, कीटक खाणाऱ्या वटवाघळांचं, म्हणजे पाकोळ्यांचं. रस्त्यावरच्या दिव्याखाली बॅट डिटेक्टर धरलात की आपल्या कानांना न पोचणारा त्यांचा आवाज खालच्या पट्टीत आणून ऐकवला जातो. आधी संथ टक्-टक् येते, किडा जवळ आला की ती घाईला लागते, आणि शेवटी एक सलग झर्र. झर्र म्हणजे शेवटचा झडप घालण्याचा क्षण. एका कॉलेजात डिटेक्टर मिळाला नाही तर दुसऱ्यात विचारा. स्वस्त, झाडाला बांधायचे रेकॉर्डरही आता मिळतात.

द्राक्षांचा विषय टाळू नका. निफाड-दिंडोरीत कुणीतरी विचारणारच, "ताई, तुमच्या वटवाघळांनी माझे घड खाल्ले, त्याचं काय?" खाल्लेले असतात, हे मान्य करा. फळ-वटवाघळं पिकलेल्या बागेत येतात. मात्र रात्री बागेवर फिरणाऱ्या पाकोळ्या वेगळ्या. त्या पतंग आणि इतर कीटक खातात, द्राक्षाला हात लावत नाहीत. अमेरिकेत २०११ साली 'सायन्स' नियतकालिकातल्या एका लेखात वटवाघळांच्या या कीडनियंत्रणाची किंमत वर्षाला किमान ३.७ अब्ज डॉलर मांडली गेली. तो आकडा आपल्या बागांना लावता येत नाही, म्हणून शेतकऱ्यासमोर फेकू नका. उलट, जाळी लावायचीच तर ती ताणून, बारीक छिद्रांची लावा असं सांगा. सैल नायलॉनच्या जाळ्यात पंख अडकून प्राणी मरतो आणि बागही वाचत नाही.

आरोग्याबाबत मी कडक आहे. उघड्या हातानं वटवाघूळ कधीच उचलू नका. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय हाताळणीच्या कामाला जाऊ नका. गुहेत मास्क हवाच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते, आणि त्यांत निपाह विषाणूचे अंश सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ झाडावरची वटवाघळं हाकलावीत असा नाही. छेडलं, हाकललं तर संपर्क वाढतो. घरात एखादं शिरलं तर पंखा बंद करा, खिडकी उघडा आणि खोलीबाहेर या. जखमी असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

कायद्याचीही उजळणी ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळ-वटवाघळं दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती; २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. जाळं लावून पकडण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागतेच.

करिअरचं थोडक्यात. फक्त वटवाघळांची नोकरी जवळपास नसते. प्रोजेक्ट फेलो, पवनचक्क्यांच्या जागांचं सर्वेक्षण, पर्यावरण परिणाम अभ्यास, यांतून वाट काढावी लागते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), या ठिकाणच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा), जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) आणि ध्वनी-विश्लेषण शिकून ठेवलंत तर मुलाखतीत तुमची वही उघडून बघितली जाते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आंतरराष्ट्रीय वटवाघूळ रात्र असते. त्याआधी एका झाडाच्या चार-सहा मोजण्या हातात असतील, तर त्या रात्री कॉलेजातल्या मुलांना दाखवायला तुमच्याकडे स्वतःचं काही असेल.