पावसाळ्यात सशाचं बूड स्वच्छ कसं ठेवावं

मृग लागला की कोकणात भिंतीही ओल धरतात, तिथे पडवीतला ससा कोरडा राहणार कसा? पण बुडाला चिकटलेली घाण हा नुसता वासाचा प्रश्न नाही. हिरवट-निळ्या माशा तिथे अंडी घालतात, दमट उकाड्यात ती दिवसभरात फुटतात आणि अळ्या थेट कातडी पोखरतात. म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ बघायचंच.

आधी बघा. जमिनीवर बसा. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. उताणा पाडू नका. घाबरून मागचे पाय झाडले तर त्याचा मणका मोडू शकतो. पुढचे पाय जरा उचलून शेपटीखाली आणि जांघेच्या घडीत नजर टाका. कातडी लाल, ओली आहे का? केसांत तांदळाच्या बारीक कणीसारखं पांढरं काही?

मग साफ करा. घाण सुकी असेल तर कॉर्नफ्लॉवर चोळून विंचरा. टाल्कम पावडर नको. घट्ट बसली असेल तर कोमट पाण्यात फक्त बूड धरून ती भिजू द्या. ओढू नका, सशाची कातडी फार पातळ. कात्री लावताना केसांबरोबर कातडीही उचलली जाते, तेव्हा जपून. साबण नको. पूर्ण आंघोळ तर अजिबात नको: भीतीने आणि गारठ्याने ससे दगावतात. शेवटी पंच्याने मुळापर्यंत टिपा. वरचे केस सुकले म्हणजे झालं असं नाही.

लघवीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना घडीत तपकिरी मेण साचतं. कापसाच्या काडीला खोबरेल लावून ते अधूनमधून काढा.

खाणं सुधारा. खरा इलाज हाच. ससा कडक लेंड्यांशिवाय मऊ, चिकट लेंड्यांचे घोसही टाकतो आणि ते तोंड लावून लगेच खातो. किळस नको, त्याच्या पोटाला ते लागतंच. हे घोस बुडाला लडबडायला लागले तर एक तर खाणं जड होतंय, नाहीतर लठ्ठपणामुळे किंवा सांधे-दात दुखत असल्यामुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. मे महिन्यात लाडाने घातलेले आंब्याचे-फणसाचे तुकडे, वर बिस्किटं: बंद करा. सुकं गवत हवं तेवढं, पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) दिवसाला चमचा-दोन चमचे. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पण त्यावर ससा पोसला जात नाही. गवत माळ्यावर कोरडं ठेवा. कुबट वास आला की फेका. ओलं गोणपाट पिंजऱ्यात राहू देऊ नका, जाळीला मच्छरदाणी लावा.

अळ्या दिसल्या, पातळ जुलाब झाले किंवा अर्धा दिवस खाणं सुटलं, तर त्याच तासाला डॉक्टर गाठा. गुरांच्या जखमेत ओततात तसं टर्पेंटाइन इथे चालणार नाही. कुत्र्या-मांजरांचं पिसवा-गोचिडांवरचं फिप्रोनिलवालं औषधही सशाच्या जिवावर बेततं. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच सवय असते, त्यामुळे ससा कोण तपासतं हे पाऊस सुरू व्हायच्या आधीच विचारून नंबर लिहून ठेवा.