मुदतपूर्व बाळाचं रडणं मोजताय? या चुका टाळा

पडद्यावर स्वराचा आकडा आला ३५० हर्ट्झ. कानाला मात्र ते रडणं बारीक, चिरकं, सुईसारखं टोचणारं लागत होतं. मी त्या दिवशी आकड्यावर विश्वास ठेवला आणि अख्खा आठवडा वाया घालवला.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. प्रात (Praat) सारखं आवाज मोजणारं सॉफ्टवेअर मोठ्या माणसांचं बोलणं डोळ्यांसमोर ठेवून सुरू होतं, त्याची स्वराची वरची मर्यादा जुन्या आवृत्त्यांत ५००-६०० हर्ट्झच्या आसपास असते, नव्यांत ८०० च्या. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं रडणंच साधारण ४०० ते ६०० हर्ट्झचं, आणि मुदतपूर्व बाळाचं बहुधा त्याहून वर. मर्यादेबाहेरचा स्वर दिसला की सॉफ्टवेअर बऱ्याचदा बिनदिक्कत त्याचा निम्मा आकडा देतं. खालची मर्यादा २०० आणि वरची निदान १२०० ठेवा. किंचाळण्याचे तुकडे हजारावर जातात, तिथे ती आणखी वाढवा. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या स्वरांचं वेळेनुसार काढलेलं चित्र, उघडून आडव्या रेषा मोजा: पाचवी रेषा ३५०० वर असेल तर मूळ स्वर ७००, ३५० नव्हे.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करून व्हॉट्सॲपने पाठवू नका. फोन गोंगाट कमी करतो, आवाजाची पातळी आपल्या मनाने वरखाली करतो, व्हॉट्सॲप उरलेलं दाबून टाकतं. ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, हाताने ठरवलेली पातळी आणि दर वेळी तेवढंच अंतर हवं. बाळाच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) बंद भिंतीआडून घेतलं तर वरच्या पट्ट्या बोथट होतात. माइक आत ठेवायचा असेल तर निर्जंतुक करून आणि सिस्टरना विचारूनच. बाळ शांत असताना एक मिनिट नुसता खोलीचा आवाजही घ्या. मॉनिटरचा अलार्म रडण्याच्याच पट्टीत वाजतो, पण त्याच्या रेषा सरळ असतात. रडण्याच्या रेषा वाकतात.

तक्त्यात ‘वय ६ आठवडे’ एवढंच लिहिलं तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. गर्भारपणाच्या ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ तेव्हा त्याच हिशेबाने ३६ आठवड्यांचं असतं. जन्मावेळचे आठवडे आणि आजचे आठवडे, दोन्ही हवेत. ‘बाळ लहान म्हणून आवाज बारीक’ हेही पुरेसं नाही. २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की मुदतपूर्व बाळांचा स्वर दिवस भरण्याच्या वयाला पोचल्यावरही उंचच राहतो आणि त्याचा उलगडा शरीराच्या आकारावरून होत नाही.

श्वास आत घेतानाचा आवाज वेगळा कापा, नाहीतर सरासरी बिघडते.

रडण्यावरून आजार ओळखायला यंत्राला शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मेक्सिकोतल्या बेबी चिलांतो संग्रहात रडण्याचे २२६८ तुकडे आहेत, प्रत्येक एका सेकंदाचा. असे तुकडे सरमिसळ करून वाटले की एकाच बाळाचे काही शिकवणीत आणि काही परीक्षेत जातात. यंत्र मग आजार नव्हे, बाळ ओळखतं, आणि अचूकता ९८ टक्के दिसते. वाटणी तुकड्यांची नको, बाळांची करा. दहा बाळांचे हजार तुकडे असले तरी तुमच्याकडे दहाच बाळं आहेत.

नमुना हवा म्हणून बाळाला मुद्दाम रडवू नका. टाचेतून रक्त घ्यायचंच असेल तेव्हा रेकॉर्ड करा, आणि त्या वेळी आईचं दूध किंवा साखरपाणी द्यायचं ठरलं असेल तर ते रेकॉर्डिंगसाठी थांबवू नका.

शेवटची चूक, आवाज नाही म्हणून बाळ शांत समजण्याची, मला सर्वांत जास्त खुपते. श्वासासाठी घशातून नळी घातलेल्या बाळाचा आवाज फुटतच नाही, कारण ती स्वरतंतूंमधून जाते. फार लवकर जन्मलेली कित्येक बाळं सुई टोचली तरी रडत नाहीत, तेवढी ताकदच नसते. वेदना मोजणाऱ्या पीआयपीपी मापनात रडणं धरलेलंच नाही. तिथे आवळलेल्या भुवया, घट्ट मिटलेले डोळे, नाकालगतची घडी, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन पाहतात. म्हणून तक्त्यात ‘आवाज नाही’ आणि ‘शांत’ असे दोन रकाने ठेवा, आणि दुसऱ्यात खूण करण्याआधी पेटीजवळ जाऊन बाळाचा चेहरा पाहा.