बोर्डो करताना चुना नुसता काट्यावर मोजू नका

रोहिणी लागल्या की पाऊस कधीही टपकेल, त्यामुळे सुपारीवाल्यांनी कोळे रोगाची (कोवळी फळं कुजून गळतात तो) पहिली फवारणी आताच उरकून घ्या, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून. औषध तेच, १ टक्का बोर्डो, म्हणजे बुरशी मारणारं मिश्रण: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी.

गेल्या वर्षी आमच्या आगरात चुना बरोबर किलोभर घातला, तरी कोवळे घड भाजले. पोतं जुनं होतं. तेव्हापासून मी मोलचा हिशोब करतो आणि तुम्हीपण करा असं मनापासून वाटतं.

नारळ आपण शेकड्यावर विकतो ना, किलोवर नाही, रसायनाचं पण तसंच, ते नगाला नग जुळतं. मोल म्हणजे कणांचा शेकडाच समजा, फक्त आकडा प्रचंड, ६ वर २३ शून्यं. काढायचं कसं, तर ग्रॅमला त्या पदार्थाच्या एका मोलच्या वजनाने भागायचं. मोरचुदाचं वजन साधारण २५०, यात खड्यातलं पाणी ९० ग्रॅम धरलंय, ते सोडून १६० ने भागलंत तर गणित चुकलंच. म्हणजे किलोत ४ मोल. कळीच्या चुन्याचं ५६, किलोत जवळपास १८ मोल. एकास एक लागतं, म्हणजे ४ गुणिले ५६, फक्त २२४ ग्रॅम चुना पुरतो!

मग किलोभर का? बाजारातला चुना शुद्ध नसतो, खडे उरतात, आणि जादा चुना असला की पानं भाजत नाहीत. पण आपल्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खडूसारखा होतो, ५६ चे १०० ग्रॅम होतात, काटा किलोच दाखवतो पण त्या खडूचा मोरचुदाला काही उपयोग नाही, आणि मोकळं राहिलेलं मोरचूद घड भाजतं.

म्हणून ताजी ढेकळं घ्या, पाणी शिंपडल्यावर सूं करून तापली, फुटली पाहिजेत. मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात, आणि तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळायचं. मग घासून चकचकीत केलेल्या सुरीचं टोक मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, थोडी थोडी चुन्याची निवळी घालत परत बघा, सुरी पांढरीच राहिली की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा.