आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनचा इतिहास कसा शोधायचा (बार्शीच्या छोट्या गाडीचं उदाहरण घेऊन)

स्टेशन कधी झालं असं गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, इंग्रजांच्या काळात. आता इंग्रजांचा काळ म्हणजे शंभरएक वर्षं, त्यात नेमकं कधी, पैसा कुणाचा, लाईन इकडूनच का नेली, हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाहीये, फक्त ऐकीव गोष्टीला दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती वहीत पेन्सिलीनंच लिहायची. मी बार्शीचं उदाहरण घेतोय कारण तिथं कागद पण भरपूर आणि घोळ पण भरपूर, तुमचं गाव पाचोरा-जामनेर लाईनवरचं असो नाहीतर मुर्तिजापूर-अचलपूर, पद्धत हीच.

सगळ्यात आधी स्टेशनचं जुनं नाव काढा. कुर्डुवाडीचं जुनं नाव होतं बार्शी रोड. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची पुण्याकडून आलेली मोठी लाईन 1860 ला सोलापूरला पोचली, बार्शी बाजूलाच राहिली, मग बार्शीला जाणाऱ्यानं जिथं उतरायचं ते बार्शी रोड, तिथून पुढं पस्तीसेक किलोमीटर बैलगाडी. त्यामुळं जुन्या कागदात बार्शी रोड दिसलं की लोक बार्शीची रेल्वे 1860 च्या आसपासची म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्ष बार्शीत गाडी आली 1897 ला, ती पण बार्शी लाईट रेल्वे या वेगळ्या कंपनीची आणि अडीच फुटी रुळांवरची. नावात रोड असलं की आधी हे तपासायचं, लातूर रोड पण लातूरपासून चांगलंच लांब आहे. स्पेलिंगचं पण बघा, इंग्रजीत सर्च करताना बार्शीतला एच काढा, जुन्या कागदात तो नसतो, आणि सोलापूरच्या सुरुवातीला एसएच टाका, नाहीतर निम्म्या गोष्टी सापडतच नाहीत. स्टेशन कोड पण बघून ठेवा, बार्शीचा बीटीडब्ल्यू आहे, त्यातले पहिले दोन बार्शी टाऊनचे.

मग तारखा. रेल्वे बोर्ड पूर्वी देशातल्या सगळ्या लाईनींची एक जाडजूड नोंदवही छापायचं, त्यात कुठला तुकडा कधी सुरू झाला ते दिलेलं असतं, जुन्या आवृत्त्या स्कॅन करून इंटरनेटवर टाकलेल्या मिळतात. इथं लोक हमखास चुकतात, लाईनीची तारीख घेतात आणि आपल्या स्टेशनला चिकटवतात. बार्शी लाईट 1897 ची हे खरं, पण ती लातूरला पोचली 1911 ला आणि मिरजेला 1927 ला, म्हणजे एकाच लाईनीवरच्या दोन स्टेशनांत तीस वर्षांचं अंतर पडू शकतं. तुमचं स्टेशन कुठल्या तुकड्यात येतं ते बघा, मग साल लिहा.

त्यानंतर गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. सोलापूर जिल्ह्याचा जुना खंड 1884 चा आहे, म्हणजे बार्शी लाईटच्या आधीचा, त्यात ही गाडी शोधायला जाऊ नका, त्यात बाजार, कापूस, बैलगाड्यांचे रस्ते, कर हे वाचा. लाईन का आली याचं उत्तर बहुतेक वेळा लाईन येण्याआधीच्या व्यापारातच असतं. त्यानंतरचा सोलापूरचा खंड 1977 चा, तो पण बघा.

कंपनी कुणाची होती हे कळलं की कागद कुठं असतील ते कळतं. बार्शी लाईट काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं, 1895 ला लंडनमध्ये कंपनी काढून. त्याचं डोकं भारी होतं, प्रत्येक एक्सलवर (चाकांच्या आसावर) पाच टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही, मग इंजिन असो की डबा, एवढं सांभाळलं की दर यार्ड (तीन फूट) लांबीला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पण चालतो आणि खर्च खाली येतो. (याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, हे वाचून मी दोन ठिकाणी खात्री करून घेतली.) तर सांगायचं काय, कंपनी लंडनची म्हणून तिचे बरेच कागद तिकडं, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधायचे. इकडचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल घरबसल्या चाळता येतं. 1 जानेवारी 1954 ला सरकारनं ही लाईन ताब्यात घेतली, त्यामुळं त्यानंतरच्या फायली रेल्वेकडं असतात, त्याला आरटीआय. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पण अर्जात 'स्टेशनचा इतिहास द्यावा' असं लिहिलं तर माहिती उपलब्ध नाही एवढं एका ओळीचं उत्तर येणार, जुन्या यार्ड प्लॅनची प्रत, इमारतीच्या बांधकामाची नोंद, नाव बदलल्याची अधिसूचना असं एकेक कागद सांगून मागा.

आता प्रत्यक्ष जागेवर. प्लॅटफॉर्म तिकीट काढून जा, रुळावर उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली दंड होतो आणि जीव जातो तो वेगळाच. बघायचं काय, तर कुंपणाचे खांब. जुने रूळ कापून खांब, फाटकं, शेडचे वासे करायची रेल्वेची जुनी सवय आहे, आणि रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, साल, वजन असं उठावात उमटवलेलं असतं. गंज आणि रंगाचे थर बसलेले असतात त्यामुळं नुसतं बघून काही कळत नाही, पांढरा खडू आडवा घासा, किंवा संध्याकाळी टॉर्च बाजूनं धरा, अक्षरं वर येतात. मात्र ते साल रुळाचं, स्टेशनचं नाही, रूळ दुसरीकडून काढून आणलेला असू शकतो. पाण्याची टाकी, विहीर, गोदामाचा धक्का, क्वार्टरच्या दारावरचे नंबर, सगळ्याचे फोटो काढा.

रुंदीकरण, म्हणजे छोट्या लाईनीची मोठी लाईन, झालं असेल तर जुनं स्टेशन तिथंच होतं का हे पण विचारा. लातूरचं छोट्या गाडीचं स्टेशन गावात होतं, आताचं वेगळ्या जागी आहे. धाराशिवला तर छोटी गाडी जायचीच नाही, येडशीला उतरावं लागायचं, मोठी लाईन मात्र धाराशिववरून नेली. सॅटेलाईट नकाशावर जुना मार्ग शेतांच्या बांधांतून वळत गेलेला दिसतो कधीकधी, बांध सहसा असे सलग गोलाईत नसतात.

रिटायर्ड माणसांना साल विचारू नका, काम विचारा. इंजिनात पाणी कुठं भरायचे, टोकन (पुढं लाईन मोकळी असल्याची ड्रायव्हरला द्यायची खूण) कोण द्यायचं, पगार कुठल्या दिवशी आणि कोण घेऊन यायचं, आषाढीला जादा गाड्या किती, माणसं टपावर बसायची का. गँगमन, पॉइंट्समन, फायरमन यांच्याकडं स्टेशन मास्तरपेक्षा जास्त असतं असं माझं मत. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि घरातल्या जुन्या फोटोंची मागची बाजू पण स्कॅन करा, फोटोवाल्याचा शिक्का नाहीतर हातानं लिहिलेली तारीख तिथंच असते.

शेवटी सगळं एका तक्त्यात, गोष्ट, साल, कुठून कळलं, दुसरा पुरावा आहे की नाही. दुसरा नसेल तर रकाना रिकामाच ठेवा. आणि फोटो ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, साधा फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं आणि मग बारीक अक्षर कुणालाच वाचता येत नाही.